तीन ठिपक्यांचा टायर

गाडी थांबली ती नेमकी जांभळीला टांगलेल्या टायरखाली.

नवी कोरी, पांढरी. काच खाली झाली आणि आतून आवाज आला, "ए पंक्चरवाला. स्टेअरिंग थरथरतंय. बघ जरा पटकन."

मी ट्रॅक्टरची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसलो होतो. मान वर करायच्या आधीच आवाज ओळखला. ट्यूब तशीच पाण्यात सोडली, हात पँटीला पुसले आणि लंगडत पुढे गेलो.

दौलतराव इंगवले. अख्खा तालुका त्यांना अण्णा म्हणायचा. डेअरी त्यांची, शाळा त्यांची, आणि एके काळी मीही त्यांचाच होतो, म्हणजे त्यांच्या दुधाच्या जीपवरचा ड्रायव्हर. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी काही त्यांना दिसलो नाही. दाढी वाढलेली, अंगावर ग्रीस, एक पाय आखूड. शिवाय आपण ज्याला चिरडलं त्याचं तोंड लक्षात ठेवायची त्या माणसाला सवय नव्हती. तोंडं एवढी होती की कुणाकुणाची ठेवणार.

"कुठं निघालाय अण्णा?"

"चिपळूणला. पोराची सुपारी फोडायचीय. घरची मंडळी सकाळीच पुढं गेली, ड्रायव्हरबी त्यांच्यासंगं. मी डेअरीच्या मीटिंगपायी मागं राहिलो. दिवस बुडायच्या आत पोचायला पाहिजे, भटजीनं वेळ काढून दिलीय. तू आधी टायर बघ."

मी खाली बसून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला. बाहेरची नक्षी जशीच्या तशी, आतली कड मात्र खाऊन गुळगुळीत झालेली. उभं राहून बघणाऱ्याला टायर नवाच वाटावा. चाकांची रेष बिघडली की असंच होतं, आणि मालक लोक कधी वाकून बघत नाहीत.

"अलाइनमेंट गेलीया. पुढचे आतनं खाल्लेत. मागचे पुढं आन पुढचे मागं घेतो. घाट सावकाश उतरा, खाली गेल्यावर अलाइनमेंट करून घ्या."

"किती वेळ?"

"चहा पिईस्तवर. बसा की."

माझं दुकान म्हणजे कुंभार्ली घाट उतरायच्या अलीकडे पत्र्याची एक खोली, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे दरीचा उतार. घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या पार खालपर्यंत. वरच्या अंगाला एसटीचा थांबा. मोबाइल तेव्हा नुकते आलेले, आणि तिथं रेंज लागायची नाही. गाडी बिघडली तर माणूस माझ्याच दारात.

टायर पुढचे मागे करणं हे काही मोठं काम नाही. स्टेपनी लावायची, एक चाक उतरवायचं, त्या जागी दुसरं चढवायचं, गाडी दर वेळी आपल्या पायावर उभी. मी तसं केलं नाही. एका अंगाला जॅक लावला, खाली लाकडी ठोकळा सरकवला, चाक उतरवलं. मग दुसऱ्या अंगाला. चारी चाकं उतरवली आणि गाडी ठोकळ्यांवर बसवली, देवळातल्या कासवासारखी. सगळे नट डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकले. मागं वळून डिकीतली स्टेपनीही काढून घेतली.

"चारी कशाला काढलीस रं?"

"रिम वाकलीया का बघतो. हवाबी सारखी करून देतो. घाट हाय पुढं."

"बघ बघ." ते माझ्या लोखंडी खुर्चीवर रुमाल पसरून बसले.

खरं कारण वेगळं होतं. दुपारचं माझं जेवण घेऊन अनुसया, माझी बायको, यायची वेळ झाली होती. तिला घरून चालत यायला वेळ लागायचा. ती येईपर्यंत हा माणूस मला इथं धरून ठेवायचा होता.

आता अनुसयाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

अण्णांच्या जीपवर मी होतो तेव्हा तिचा धाकटा भाऊ महिपतीही त्यांच्याकडेच कामाला होता. दुधाचे कॅन चढवायला, उतरवायला. महिपा हसरा, बडबड्या, गाडीत बसला की अख्खा घाट त्याच्या गप्पांत सरायचा. एका सकाळी भरल्या कॅननिशी घाट उतरताना वळणावर माझ्या बाजूचा पुढचा टायर फुटला. जीप कठड्याला घासत गेली आणि उलटली. माझा पाय गेला. महिपा गेला.

शुद्धीवर आलो तेव्हा दवाखान्यात खाटेशेजारी पोलीस बसलेला. गाडीत दारूची अर्धी बाटली सापडली म्हणे. आणि गाडीची तपासणी झाली तेव्हा चारी टायर चांगले, नक्षीदार. एक नुसता हवा जाऊन बसलेला, तेही अपघातात दगड लागून. अण्णांनी जबाब दिला की ड्रायव्हरला प्यायची सवय होती, मी दोनदा ताकीद दिली होती. मी आयुष्यात दारू तोंडाला लावलेली नाही. माझा बाप त्यातच मेला, तेवढं मला पुरलं होतं. पण माझं कोण ऐकणार. सजा झाली, भोगली, सुटून आलो.

अनुसयानं मला घराबाहेर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. ती स्वयंपाक करायची, डबा आणायची, आजारपणात पाय चेपायची. महिपाचं नाव मात्र घरात कधी निघालं नाही. आणि रोज संध्याकाळी मी घरी गेलो की ती दारात उभी असायची. मी पायरीशी थांबायचो. ती जवळ यायची आणि माझ्या तोंडाचा वास घ्यायची. एक शब्द न बोलता. मग बाजूला व्हायची आणि मी आत जायचो. सुटून आल्या दिवसापासून एक संध्याकाळ चुकली नाही. एखाद्या दिवशी वास आला असता तर तिचं समाधान तरी झालं असतं. पण तो यायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात.

हे त्या खुर्चीत रुमाल पसरून बसलेल्या माणसानं माझ्या घरात आणून ठेवलं होतं.

नट सोडताना मनात काय आलं तेही सांगून टाकतो. चाकं परत बसवताना पुढच्या चाकाचे नट हातानंच फिरवून ठेवले असते, पाना लावलाच नसता, तर तिसऱ्या-चौथ्या वळणावर काम झालं असतं. कुणाला कळलंही नसतं. मी ते केलं नाही, आणि ते काही माझ्या चांगुलपणामुळं नाही. मेलेला माणूस बोलत नाही. मला त्याचं तोंड हवं होतं, चालू स्थितीत.

"हवा किती ठेवू?" मी विचारलं.

"तुला कळतंय ना त्यातलं? मग मला काय विचारतोस." ते मी करून दिलेला चहा भुरकत होते. चारी टायर ओळीनं भिंतीला टेकवलेले बघून म्हणाले, "हे पुढचे दोन आता टाकायचे म्हणशील."

"वापरायचं म्हटलं तर वापरता येत्याल थोडं दिवस."

"हां. आता बरोबर बोललास." त्यांना हा विषय आवडीचा, ते मला पक्कं माहीत होतं. "आजकालच्या पोरांना टायर वापरायची अक्कल न्हाई. जरा झिजला की फेक. माझ्याकडं एक टायर वाया जायचा न्हाई. तीन जीप होत्या माझ्या, एकाच मापाच्या. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळ्यांची चाकं उतरायची. नवे टायर माझ्या गाडीला. माझ्या गाडीचे उतरले की मंडळींच्या गाडीला. मंडळींच्या गाडीचे उतरले की दुधाच्या गाडीला."

"आन दुधाच्या गाडीचे?"

"ते बैलगाडीला. बैलाला काय, तो कुठं पळतोय." ते हसले. "वर्षातनं एकदा. दुसऱ्या दिवशी काळं पॉलिश मारून, झेंडूच्या माळा घालून पूजेला उभ्या केल्या की वळखू येत न्हवतं कुठली नवी आन कुठली जुनी."

"उद्याच खंडेनवमी हाय की."

"व्हय तर. म्हणून आठवलं."

मी ट्यूबमधली हवा बघत बघत म्हणालो, "पण मग कुठला टायर कितवा हे कळायचं कसं? पॉलिश मारल्यावर सगळे सारखेच."

"डाग द्यायचा." त्यांनी कप खाली ठेवला. त्यांना कुणी असं विचारणारं बऱ्याच दिवसांत भेटलं नसावं. "सळई तापवायची आन बाजूला ठिपका पाडायचा, जनावराला देतात तसा. माझ्या गाडीला चढला की एक ठिपका. मंडळींच्या गाडीला गेला की दुसरा. दुधाच्या गाडीला गेला की तिसरा. चोरीबी व्हायची न्हाई. ठिपके दिसले की लोक म्हणायचे, इंगवल्यांचा टायर."

"तिसरा ठिपका पडेस्तवर काय उरत असंल टायरात?"

"उरतंय की. दूध वाहायला काय विमानाचा टायर पाहिजे?"

तेवढ्यात दुकानाच्या मागच्या अंगानं पावलं वाजली. अनुसया आली होती. गिऱ्हाईक असलं की ती पुढे यायची नाही, मागे पत्र्याच्या सावलीत दगडावर बसायची, मी जेवलो की भांडी घेऊन जायची. पत्रा पातळ. आतलं-बाहेरचं सगळं ऐकू यायचं. डबा दगडावर ठेवल्याचा आवाज आला.

मी उठलो. कोयता घेतला आणि जांभळीवर टांगलेल्या टायरची दोरी कापली.

पंक्चरवाल्याच्या दारात फाटका टायर टांगलेला असतो, त्यावर पांढऱ्या रंगानं ‘पंक्चर’ लिहिलेलं, यात नवल काय. माझाही तसाच होता. फक्त मी तो खोडाला अगदी चिकटवून बांधला होता, लिहिलेली बाजू रस्त्याकडे आणि दुसरी खोडाकडे. अनुसयानं एकदा विचारलंही होतं, एवढा मोकळा रस्ता असताना खोडाला का आवळलाय. मी म्हटलं होतं, वारा लै हाय.

टायर खाली पडला. मी तो फिरवत आणला आणि दुसरी बाजू वर करून अण्णांच्या पायाशी आडवा टाकला.

"ह्यो बघा बरं अण्णा. वळखीचा हाय का?"

बाजू वीतभर उभी फाटलेली. फाटलेल्या जागेतून तारा बाहेर आलेल्या, गंजून तांबड्या झालेल्या. माथ्यावर नक्षी नावालाही नाही, हात फिरवला तर नुसतं गुळगुळीत. आणि फाटलेल्या जागेच्या वर तीन ठिपके.

"हा तर माझाच," ते पुढे वाकले. "तीन ठिपके. कुठनं आणलास? माझ्या ढिगातला दिसतोय."

"असंल. नीट बघा की."

ते अजून वाकले. चष्मा सरळ केला. पहिला ठिपका गोल. दुसरा गोल. तिसऱ्याला शेपूट. सळई टेकवताना हात घसरावा आणि रेघ ओढली जावी तशी बोटभर लांब शेपूट.

मला तो दिवस आठवत होता. डागायचं काम महिपाकडे होतं. शेवटच्या खंडेनवमीला सळई घसरली आणि अण्णांनी सगळ्या गड्यांसमोर त्याच्या थोबाडीत दिली. टायरला शेपूट फुटली म्हणून. महिपा गाल चोळत हसला होता आणि रात्री बहिणीला गाल दाखवून पुन्हा हसला होता. मग ते चाक मी माझ्या हातानं दुधाच्या जीपला लावलं, पुढे, माझ्या बाजूला. तारा तेव्हाच दिसायला लागल्या होत्या. मी अण्णांना दाखवल्या. ते म्हणाले, पॉलिश मार.

अण्णांची नजर टायरवरून हलेना. मग ते बोलले, माझ्याशी नाही, टायरशीच. हळू, दातांत.

"शिरपाला जाळ म्हणून सांगितला होता मी ह्यो. हरामखोरानं ठिवला व्हय."

पत्र्यामागे भांड्याचा आवाज झाला.

शिरपा म्हणजे अण्णांच्या स्वतःच्या गाडीचा ड्रायव्हर. जुना माणूस. अपघातानंतर पोलिसांच्या आधी तोच तिथं पोचला होता, अण्णांना घेऊन. मी सुटून आलो, दुकान टाकलं, तेव्हा एक दिवस पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन तो आला. पोतं माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणाला, "हे जाळायला सांगितलं होतं मला. जाळवलं न्हाई. मंडळींच्या गाडीचे चारी टायर मी तुझ्या गाडीला चढवले. बाटलीबी मलाच ठेवायला लावली." मी म्हटलं, चल माझ्या बायकोला सांग. तो नको म्हणाला. मी पाय धरले. तो नको म्हणाला. त्याची पोरं अजून अण्णांकडं कामाला होती. पुढं तो वारला.

टायर माझ्याकडे राहिला. अनुसयाला दाखवला असता तर ती काय म्हणाली असती? सळई तापवून ठिपके कुणीही पाडतं. शेपूट तर मीही बघितलेली, तीही मीच ओढली असं वाटलं असतं. सजा भोगून आलेल्या माणसानं घरी आणलेला पुरावा कोण मानतं. म्हणून मी तो तिच्या डोळ्यांसमोर टांगला, उलटा, आणि वाट बघत राहिलो. घाट उतरायचा तर सगळ्यांना माझ्याच दारावरून जावं लागायचं.

"काय सांगितलं होतं शिरपाला?" मी विचारलं.

अण्णांनी मान वर केली. पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग पायाकडे.

"सर्ज्या?"

"जी."

"तू..." ते उठले. खुर्चीवरचा रुमाल खाली पडला. "हे बघ सर्जेराव, झालं गेलं. त्या टायमाला दुसरा इलाज न्हवता. डेअरीचं नाव, शाळेचं नाव... तू समजून घ्यायला पाहिजेस."

"समजून घेतलं की. आत बसून घेतलं."

"चाकं लाव. मला उशीर होतोय."

"लावतो. कुठली लावू?" मी पायानं तो फाटका टायर ढकलला. "ह्याच्या जोडीचे तीन हाईत माझ्याकडं, इंगवल्यांचेच, बैलगाडीवाल्याकडनं आणलेले. पॉलिश मारून देतो. पुढचा घाट तेवढ्यावर उतरता का?"

"याड लागलंय का तुला? असल्या टायरवर घाट उतरायचा? मरायचंय का मला?"

"आमाला कसं उतरवलंत?"

तोवर त्यांच्या मागे अनुसया येऊन उभी होती. पदर डोक्यावरून खाली आलेला, हातात डब्याचं झाकण तसंच. ती टायरपाशी खाली बसली. बोटानं तिसऱ्या ठिपक्याची शेपूट चाचपली, टोकापर्यंत. मग उठली.

"बाटली कुणी ठिवली?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. "तू कोण गं?"

"ह्या शेपटापायी तुमी ज्याच्या थोबाडीत मारली, त्याची भैन. बाटली कुणी ठिवली?"

"बाई, जुनं उकरून काय मिळतंय. तुझ्या भावासाठी मीबी रडलोय. त्याच्या दहाव्याला नदीच्या घाटावर आलो होतो मी, आठवतंय?"

"आठवतंय. माझ्या डोक्यावरनं हात फिरवला होता. म्हणाला होतात, नवरा असला निघाला, आता तूच खंबीर ऱ्हा." ती एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखी बोलत होती. "मी ऱ्हायले. बाटली कुणी ठिवली?"

"माझ्या गाडीला हात लावाल तर फौजदाराला बोलवीन. दोघांनाबी..."

"बोलवा," ती म्हणाली. "मला त्याला विचारायचंच हाय."

मग तिनं खाली बघितलं. डालड्याचा डबा तिच्या पायापाशी होता, नटांनी अर्धा भरलेला. तिनं तो उचलला. मला वाटलं, फेकून मारतीय. मी आडवा आलो नसतो. पण तिनं मला विचारलं, "हे कशाचं?"

"चाकाचे नट. ह्याच्याबिगार चाक बसत न्हाई."

"सगळे ह्यातच हाईत?"

"सगळे."

ती रस्ता ओलांडून गेली. कठड्याशी उभी राहिली आणि डबा दरीकडे उपडा केला. घाईनं नाही, ज्वारी पाखडताना सूप उपडं करावं तशी. नट घाणेरीत, करवंदीत, दगडांवर पडत गेले. खालपर्यंत आवाज येत राहिला. शेवटी डबाही टाकून दिला. हात झटकले, परत आली, जेवणाचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "जेवून घ्या. गार झालंय."

मी जेवायला बसलो.

खरं सांगतो, त्या दिवसासारखी भाकरी मला पुन्हा गोड लागली नाही. समोर अण्णा एकदा गाडीकडे, एकदा दरीकडे, एकदा रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत होते. एसटीच्या थांब्यावर चार माणसं उठून बसली होती. एक म्हातारा हसत होता.

"सर्जेराव, दुसरे नट असतील तुझ्याकडं."

"ट्रॅक्टरचे हाईत. बसायचे न्हाईत. तुमचे तुमी आणा, मी लगेच लावून देतो. कामाला न्हाई म्हणणारा माणूस न्हवं मी."

ते उतरले. दुसरं काय करणार. पांढरं धोतर वर खोचलं आणि कठडा ओलांडून करवंदीत शिरले. आधी उभ्यानं शोधलं. मग वाकून. मग गुडघ्यांवर आले. घाणेरीचा काटा बारीक असतो, कपड्यात शिरला की निघत नाही. दर थोड्या वेळानं त्यांचं डोकं झाडोऱ्यातून वर यायचं, टोपी नसलेलं, आणि पुन्हा खाली जायचं. अनुसया कठड्यावर बसून बघत होती. बघण्यासाठी ती त्या दिवशी भांडी घेऊन घरी गेली नाही.

वर आले तेव्हा उन्हं कलली होती. सदरा बाहीत फाटलेला, हातांवर रक्ताच्या रेघा. मूठ उघडून माझ्यापुढे धरली. चाकाला एक नट यायचा, एवढेच. बाकीचे दरीनं ठेवून घेतले होते.

"तेवढ्यावर बसवून दे," ते म्हणाले. "सावकाश जाईन."

मी नट हातात घेतले, पुसले, बघितले. "एका नटावर चाक घाटात ऱ्हाणार न्हाई. मी सांगून ठिवतो, नंतर म्हणू नका सर्ज्यानं सांगितलं न्हाई. तुमच्या मनाला येत असंल तर बसवून देतो. जबाब मात्र देऊन जावा, ड्रायव्हर शुद्धीत होता म्हणून."

त्यांनी माझ्या हातातून नट घेतले नाहीत. फिरून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

थोड्या वेळानं वरून दुधाचा टेम्पो आला. त्यांच्याच डेअरीचा नाही, दुसऱ्या कुणाचा. त्यांनी हात केला. केबिनमध्ये जागा नव्हती, ड्रायव्हर म्हणाला मागं कॅनमध्ये उभं राहावं लागंल. अण्णा मागच्या फळीला धरून चढायला लागले. एक पाय वर ठेवला, आणि थांबले. पाय खाली घेतला. मग खाली वाकून त्यांनी टेम्पोचे टायर बघितले. आधी मागचे, आतल्या कडेला हात घालून. मग पुढे जाऊन पुढचे.

अनुसयानंही ते बघितलं.

टेम्पो वळणाआड गेला. सुपारी त्या दिवशी फुटली की नाही, मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. चार दिवसांनी त्यांचा माणूस नवे नट घेऊन आला, तेव्हा मी चाकं बसवून दिली, हवा सारखी करून दिली, मागचे पुढे घेतले होते तेही त्याला सांगितलं. पुढे तालुक्यात गोष्ट फिरली. थांब्यावरच्या म्हाताऱ्यानं फिरवली. अण्णा नंतरच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा भिंतीवरच्या त्यांच्या फोटोवर कुणीतरी चुन्यानं तीन ठिपके काढून ठेवायचं. ते मी केलं नाही. केलं असतं तर लपवलं नसतं.

त्या संध्याकाळी मी फाटका टायर पुन्हा जांभळीला टांगला, या वेळी ठिपके रस्त्याकडे करून. अनुसया आधीच घरी गेली होती. दुकान बंद केलं आणि निघालो. वाटेत कुठं थांबलो नाही.

घरापाशी आलो आणि सवयीनं पायरीशी उभा राहिलो. तोंड थोडं पुढे करून, रोजच्यासारखं. दारात कुणी नव्हतं. चूल पेटलेली, आतून तव्याचा आवाज येत होता. मी तसाच उभा.

"आत या की," ती आतून म्हणाली. "तिथं कशाला उभारलाय?"